जोडीला की ऐवजी?

गेल्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमधील एका इस्पितळाच्या कर्करोग विभागाबाहेरच्या बाकावर एका नातलगाच्या सोबतीला म्हणून मी बसलो होतो. शेजारी भोसरीच्या एका प्रेसशॉपात वीस वर्षे हजेरी लावलेला एक कामगार सपत्नीक येऊन बसला. जिभेच्या कडेचा व्रण, किरणोपचाराने काळवंडलेली मानेची कातडी, आणि बोलण्याचे कष्ट नकोत म्हणून हाताच्या खुणांनी चाललेला व्यवहार, असा त्याचा एकंदर देखावा होता. पत्नीच्या हाती रिपोर्टांनी फुगलेली फाईल होती, आणि फाईलच्या आड वर्तमानपत्रात गुंडाळून वर रबर लावलेली एक बाटली. आतला द्रव हिरवट काळा दिसत होता. नाव पुकारले जाताच तिने ती बाटली पिशवीच्या तळाशी, डब्याच्या खाली, चटकन सारली. दार अर्धवट उघडे असल्यामुळे आतले बोलणे बाहेर ऐकू येत होते. "मावशी, आपल्या गोळ्यांशिवाय आणखी काही देताय का यांना? काढा, पुडी, काही?" अशी पृच्छा तरुण डॉक्टरीणबाईंनी केली. "नाही मॅडम, दुसरं काहीच नाही," असे उत्तर आले. थोड्या वेळाने ते दोघे बाहेर आले ते केमो पुढे ढकलल्याचा निरोप घेऊनच, कारण रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा चढला होता. मी हलकेच म्हणालो, "ताई, ती बाटली दाखवायची होती." त्यावर ती म्हणाली, "गावाकडचा काढा आहे, काका. सांगितलं तर ओरडतील. आणि इलाजच बंद केला, तर आम्ही कुठं जायचं?"

तो आकडा काढ्यामुळे चढला, की तोंड आल्याने आठ दिवस घोटभर पाणीही पोटात जात नव्हते म्हणून चढला, की केमोच्या औषधानेच मूत्रपिंडावर ताण आणला होता, याचा निवाडा करण्याचे साधन त्या डॉक्टरीणबाईंच्या हाती नव्हते. कारण साक्षीदार पिशवीच्या तळाशी होता.

मराठीत दोन साधे शब्द आहेत: 'जोडीला' आणि 'ऐवजी'. कर्करोगाच्या शास्त्रीय उपचारांच्या जोडीला योग, प्राणायाम, आयुर्वेदीय पथ्य, मर्दन, संगीत, नामस्मरण यांपैकी काही घेणे ही एक गोष्ट झाली, आणि त्या उपचारांच्या ऐवजी यांपैकी काही घेणे ही सर्वस्वी दुसरी. पहिलीला पूरक उपचार म्हणतात, दुसरीला पर्यायी. कागदावर हा भेद स्पष्ट दिसतो. परंतु घराघरांत 'जोडीला' म्हणून उंबरठा ओलांडलेली वस्तू दोन-तीन महिन्यांत नकळत 'ऐवजी'च्या पाटावर जाऊन बसते, आणि ती तेथे केव्हा बसली हे घरातल्या कोणालाच नेमके सांगता येत नाही.

पिंपरी ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न विशेष तीव्रतेने का उभा राहतो, हे येथली वस्ती पाहिली म्हणजे उमगते. मराठवाडा, खानदेश, सातारा, सोलापूर येथून कारखान्यांच्या पाठोपाठ आलेली ही माणसे दिवसा संगणकावर चालणाऱ्या यंत्रापुढे उभी राहतात, तरी आजारपणाचा सल्ला रात्री गावाकडे फोन लावूनच घेतात. कंपनीच्या डॉक्टराइतकाच गावचा झाडपाला देणारा त्यांना आपला वाटतो, किंबहुना काकणभर अधिकच, कारण तो घरी येतो, नाडी धरतो, अर्धा तास बसतो आणि आशा देतो. 'गाठीला सुरी लागली की आजार पसरतो' हा समज याच फोनवरून येतो. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्याने रोग अंगभर पसरतो, या भीतीला शास्त्राचा आधार नाही. उलट त्या तुकड्याच्या परीक्षेवाचून रोगाची जात कळत नाही आणि जात कळल्यावाचून उपचार ठरत नाही. परंतु पाळी संपवून रात्री साडेअकराला खोलीवर पोहोचलेल्या माणसाला हे समजावून सांगणारा भेटतोच कोण?

या ठिकाणी एका मोठ्या गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. सामान्य समजूत अशी, की झाडपाला म्हणजे निसर्ग आणि केमो म्हणजे रसायन, आणि या दोहोंचे हाडवैर. वस्तुस्थिती निराळी आहे. चिंचवडच्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या अंगणात, कारखान्याच्या फाटकाशेजारच्या वाफ्यात, उन्हातान्हात बारा महिने फुलणारी जी सदाफुली, तिच्याच पानांतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही दोन कर्करोगावरची औषधे निघाली. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक जमेकाहून आलेली तिची पाने मधुमेहाच्या दृष्टीने तपासत होते. साखर उतरली नाही, परंतु प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरलेल्या त्यांना दिसल्या, आणि त्या अनपेक्षित निरीक्षणातून १९५८ च्या सुमारास रक्ताच्या कर्करोगाविरुद्धचे एक शस्त्र हाती आले. आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीनवाचून चालत नाही.

मग सदाफुलीची पाने चावून खाल्ली तर काय बिघडले? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्रेत आहे. ढीगभर पानांतून चिमटीत मावेल एवढेच व्हिन्क्रिस्टीन निघते. एका वेळी ते साधारणपणे २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. ते शिरेतूनच द्यावे लागते, आणि चुकून मणक्याच्या पोकळीत गेले तर माणूस दगावतो. एका पानात ते किती आहे हे पान सांगत नाही. पानाच्या रसात इतरही कित्येक द्रव्ये असतात, आणि त्यांतले कोणते हृदयाला, कोणते मज्जातंतूंना भोवेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. औषध झाडातून आले हे खरे. परंतु ते झाडातून रुग्णापर्यंत येताना मोजमापाच्या अनेक चौक्या ओलांडून आले, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे उदाहरण तर अगदी आपल्या घरचे आहे. ज्या खेड तालुक्यात चाकण मोडते, त्याच तालुक्याची पश्चिम हद्द भीमाशंकरच्या रानाला भिडते, आणि त्याच सह्याद्रीच्या ओल्या रानांत नरक्या नावाचा, उग्र वासाचा, एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेला वृक्ष वाढतो. कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य नरक्यात असल्याचे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यापूर्वी, १९६६ मध्ये, ते एका चिनी वृक्षातून अमेरिकेत प्रथम वेगळे केले गेले होते, आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर ते काम करणारे शास्त्रज्ञ होते मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, सन १९२५. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची घटना उलगडणाऱ्यांतही वाणी होते. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगात आज सर्रास वापरले जाणारे हे औषध मुळात यू नावाच्या वृक्षाच्या सालीतले. नंदुरबारच्या या सुपुत्राचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे आढळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कॅम्प्टोथेसिनची पुढची हकीकत झाडपाल्याच्या प्रत्येक भोक्त्याने लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. ते द्रव्य रुग्णांना प्रथम दिले गेले तेव्हा त्याने मूत्राशयाची जबर हानी केली, लघवीवाटे रक्त जाऊ लागले, आणि प्रयोग थांबवावे लागले. दोन दशके रसायनज्ञांनी त्या रेणूची जडणघडण बदलली, आणि मग कोठे १९९० नंतरच्या दशकात इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही सुसह्य औषधे दवाखान्यात आली. नरक्याचा काढा करून पिणारा माणूस त्या दोन दशकांच्या अलीकडे, रक्तस्रावाच्या काठावर उभा असतो.

पिंपरीकरांना तर ही गोष्ट समजावून सांगण्याची गरजच पडू नये. १९५४ मध्ये याच माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि शिळ्या भाकरीवर येते त्याच कुळीच्या बुरशीपासून शुद्ध पेनिसिलीन कसे काढतात, हे येथल्या एका पिढीने आपल्या हातांनी करून पाहिले. जखमेवर बुरसटलेली भाकरी बांधावी, असे त्या कारखान्यातून निवृत्त झालेला एकही कामगार सांगणार नाही.

एवढे वाचून, पूरक उपचारांना माझा विरोध आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. या विषयातला सर्वांत आशादायक भाग याच पट्ट्याच्या लोहमार्गावर आहे. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करीत ज्या लोणावळ्याला पोहोचते, तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. आसने करताना रक्तदाब किती बदलतो, पोटातील दाब किती उतरतो, हे उपकरणे लावून मोजण्याचा त्यांचा आग्रह होता. योग श्रेष्ठ आहे असे जाहीर करून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी तो मोजणीच्या काट्यावर ठेवला. पूरक उपचारांचा मार्ग कोणता असावा, हे त्या एका कृतीत आले.

त्याच मार्गावरचे पुढचे मोठे पाऊल मुंबईत पडले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने, म्हणजे १९४१ पासून देशभरच्या कर्करुग्णांचे शेवटचे आशास्थान असलेल्या त्या वास्तूने, स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्षपाती रीतीने दोन गट पाडले. एका गटाला नित्याच्या उपचारांच्या जोडीला योगवर्ग, दुसऱ्याला नेहमीचा सौम्य व्यायाम. डॉ. नीता नायर यांनी २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत निष्कर्ष मांडले, तेव्हा रोग न उलटता जगण्याच्या प्रमाणात तुलनेने १५ टक्के आणि एकूण जगण्याच्या प्रमाणात १४ टक्के सुधारणा दिसल्याचे सांगण्यात आले. एका चाचणीने सिद्धान्त ठरत नाही, आणि या आकड्यांची इतरत्र पडताळणी होणे अगत्याचे आहे. परंतु एक बाब निर्विवाद आहे: त्या स्त्रियांनी आपले नित्याचे उपचार सोडून देऊन चटई अंथरली नव्हती.

थकवा, निद्रानाश, चिंता आणि मळमळ या चार गोष्टी केमोच्या काळात माणसाला रोगाहूनही अधिक गांजतात, आणि नेमक्या याच बाबतींत पूरक उपचारांच्या बाजूने पुरावा बरा आहे. बेताचे चालणे आणि योगासने थकव्यावर. संथ श्वसन, ध्यान आणि संगीत चिंतेवर. सुईचे चिनी उपचार आणि काही अंशी आले मळमळीवर. देहू आणि आळंदी ज्या भूमीच्या दोन कुशींत आहेत, तेथे केमोचे सलाईन चालू असताना कानाला हरिपाठ लावून पडून राहिलेला रुग्ण पाहिला, की मला त्यात अंधश्रद्धा दिसत नाही. त्याची आवळलेली मूठ सैल पडलेली दिसते. किरणोपचाराने तोंड सोलवटले असता मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ भाताची पेज, मुगाचे कढण, या घरगुती गोष्टींना डॉक्टरांचीही संमती असते. पुण्याजवळ वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टच्या ज्या केंद्राच्या नावातच 'एकात्मिक' हा शब्द आहे, तेथे आधुनिक उपचारांच्या बरोबरीने आयुर्वेदीय चिकित्सा देण्याचा उपक्रम कित्येक वर्षे चालू आहे. वैद्य आणि कर्करोगतज्ज्ञ एकच फाईल वाचतात, ही अशा व्यवस्थेतली मोलाची गोष्ट होय. मात्र रुग्णाला आराम पडतो हे म्हणणे वेगळे आणि गाठ विरघळते हे म्हणणे वेगळे; दुसरे म्हणणाऱ्याकडे टाटाच्या चाचणीसारखा पुरावा मागण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे.

धोका पोटात घेतल्या जाणाऱ्या वस्तूंचा आहे, आणि तो कसा उद्भवतो हे समजून घेणे कठीण नाही. यकृत हे शरीराचे आवक-जावक दप्तर. आत आलेल्या प्रत्येक औषधाची नोंद करून, त्याचे रूपांतर करून, ठरल्या मुदतीत ते बाहेर काढण्याचे काम तेथील वितंचके, म्हणजे एन्झाइम, कारकुनांसारखी करतात. काही वनस्पती या कारकुनांना मंदावतात. मग केमोचे औषध मुदतीपलीकडे रक्तात साचते आणि नेहमीचाच डोस विषासमान होतो. काही त्यांना नको इतके जलद करतात. मग औषध आपले काम करण्यापूर्वीच बाहेर पडते. युरोपात उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इरिनोटेकानच्या सक्रिय रूपाची रक्तातील पातळी उतरवल्याचे मोजून सिद्ध झाले आहे. म्हणजे रुग्ण सुई टोचून घेतो, केस गमावतो, पैसे मोजतो, आणि औषध मात्र अर्धवट मिळते.

करोनाच्या काळात घरोघरी प्यायल्या गेलेल्या गुळवेलीचे उदाहरण तर ताजे आहे. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली, आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नव्हती असे म्हटले. या वादात कोणाचा पक्ष सरस, हे क्षणभर बाजूला ठेवले तरी रुग्णाच्या दृष्टीने अर्थ एकच निघतो: बाटलीत नेमके काय आहे याची खातरजमा नसताना, ज्याच्या यकृतावर केमोचे ओझे आधीच आहे, त्याने ती तोंडाला लावू नये. अलीकडे बाजारात भाव खाणाऱ्या लक्ष्मणफळाविषयी असाच इशारा देणे भाग आहे. त्यातील अ‍ॅनोनासिन हे द्रव्य मज्जातंतूंना अपायकारक असून, ग्वाडलूप बेटावर त्या कुळीची फळे आणि पाने नेमाने सेवन करणाऱ्यांत कंपवातासारखा विकार आढळला होता. गव्हांकुराचा कच्चा रसही, पांढऱ्या पेशी उतरलेल्या आठवड्यात, न शिजवलेला म्हणूनच जंतूंचे वाहन ठरू शकतो.

परंतु विषबाधेपेक्षाही मोठी हानी कालहरणाने होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिल्यात, शरीरभर न पसरलेला कर्करोग असताना केवळ पर्यायी उपचार पत्करलेल्या २८१ रुग्णांचा मृत्युधोका इतरांच्या अडीच पट, आणि स्तनाच्या कर्करोगात तर साडेपाच पटींहून अधिक आढळला. दुसरा अहवाल मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो 'जोडीला' घेणाऱ्यांविषयी आहे. या २५८ रुग्णांनी काही ना काही शास्त्रीय उपचार घेतलेला होता. तरीही त्यांचा मृत्युधोका दुपटीचा निघाला. कारण शोधता असे दिसले, की त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांनी केमो नाकारला होता, इतर रुग्णांत हे प्रमाण ३ टक्के होते. आणि ५३ टक्क्यांनी किरणोपचार नाकारले होते, इतरांत २ टक्के. त्या जडीबुटीने कोणाला मारले असे अहवाल म्हणत नाही. तिच्या भरवशावर पुढचा उपचार सोडला गेला, हे त्या आकड्यांचे सांगणे आहे. तंबाखू-चुन्याची गोळी आणि मशेरी यांनी जिथे तोंडाचे कर्करोग घरोघर पोहोचवले, आणि जिथे तीन आठवडे न भरलेला व्रण म्हणजे तातडीची तपासणी असा नियम हवा, त्या आपल्या पट्ट्यात असे सोडलेले महिने परत मिळत नाहीत.

उपचार सोडण्यामागे दरवेळी श्रद्धाच असते असे नाही; पुष्कळदा रजा आणि रोजंदारी असते. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. राज्य कामगार विम्याखाली येणाऱ्या आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव आजारपणाचा लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, परंतु तो विमा योजनेच्या डॉक्टराच्या दाखल्यावरच. वैदूच्या ओसरीवर काढलेल्या महिन्यांचा दाखला कोणी देत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. आणि ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांच्यासाठी वारजे येथील सिप्ला उपशामक केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देत आले आहे. वेदनेवर मॉर्फिन आणि शेजारी बसून ऐकून घेणारे माणूस, हे दोन्ही तेथे एकत्र मिळते. तांब्याभर काढ्यापेक्षा ही जोड फार मोलाची.

डॉक्टरांनाही एक विनंती करायची आहे. 'ओरडतील' हा शब्द त्या बाईच्या तोंडी उगाच आला नव्हता. झाडपाल्याचे नाव काढताच रुग्णाची संभावना करणारा, किंवा हात झटकणारा डॉक्टर त्या बाटलीला पिशवीच्या तळाशी स्वतःच्या हाताने ढकलत असतो. जो तीन मिनिटे अधिक खर्चून, कपाळाला आठी न घालता, "काय घेता, कधीपासून, किती?" एवढे विचारतो, त्याच्यापुढे ती बाटली आज ना उद्या बाहेर येते.

आणि वाचकहो, आपल्या घरात कोणी या उपचारांत असेल, तर पुढच्या तारखेला निघताना काढ्याची बाटली, पुडी, गोळ्यांची डबी, जे काही चालू असेल ते, फाईलच्या वर ठेवा. लेबल नसेल तर ते कोणी दिले, कोणत्या तारखेपासून आणि दिवसातून किती वेळा घेतले जाते, हे एका चिठ्ठीवर लिहा. नाव पुकारले की आत जाऊन आधी ती चिठ्ठी आणि ती बाटली टेबलावर ठेवा, आणि रिपोर्ट त्यानंतर.